ऐकू येणं आणि ऐकणं

ज्यांच्या घरात कुणाचे कान अचानक गेले आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टरी माहिती यात फारशी मिळणार नाही, ती तुमचे डॉक्टर देतील. माझ्यावर काय आलं, माझ्याबरोबर कोण उभं राहिलं आणि आज मी कुठे आहे, एवढंच सांगते. मला पुन्हा ऐकायला शिकवलं त्या हर्षा मॅडम मागे लागल्या म्हणून हे लिहायला बसले. त्यांचं म्हणणं, पेशंट डॉक्टरचं ऐकत नाहीत, पेशंटचं ऐकतात.

मी प्रमिला. माहेर मोरिवलीचं, सासर अंबरनाथ पश्चिमेला. नवरा दिनेश एमआयडीसीतल्या इंजिनीअरिंग युनिटमध्ये मशीनवर आहे, त्याला शिफ्ट असते. मुलगी मयुरी कॉलेजात शिकते. मी उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या साडीच्या दुकानात काउंटरवर बसते. या कामाला जीभ लागते असं लोकांना वाटतं, खरा लागतो तो कान. गिऱ्हाईक बाई "बघते" म्हणाली, तर ती घेणार आहे की उठणार आहे, हे त्या एका शब्दाच्या हेलावरून कळायला हवं. मला ते कळायचं.

आणखी एक माणूस आधीच सांगून ठेवते. माझी आई. आमच्या आगरी लग्नांत हळदीला, मांडवाला धवले गातात, ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. माझी आई मोरिवलीतली धवलारीण. तिला लिहिता-वाचता येत नाही. जे येतं ते सगळं तिच्या आईकडून आणि मावशीकडून ऐकून आलेलं.

ताप

दुपारची वेळ होती, दुकानात गर्दी नव्हती. मला एकदम हुडहुडी भरली. शेठ म्हणाले घरी जा. संध्याकाळपर्यंत डोकं इतकं ठणकायला लागलं की दिव्याकडे बघवेना. ताप गोळीला ऐकेना, पट्ट्यांना ऐकेना. सकाळी दिनेशने मला उशीवरून उठवायला हात घातला, तर माझी मान वाकेना. तो घाबरला. रिक्षात घालून त्याने मला जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, आणि तिथून पुढचं मला काहीच आठवत नाही.

मेंदूज्वर होता. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं, सलाइनमधून औषधं दिली. हे सगळं मला नंतर कळलं. मी जगते की नाही अशी वेळ होती, असं दिनेश आजही सांगत नाही. मयुरीने सांगितलं.

शुद्धीवर आले तेव्हा समोर दिनेश होता. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, बायको आजारी म्हणून हा हळू बोलतोय. मी म्हटलं, "मोठ्याने बोल ना." मी बोलले हे माझ्या जिभेला कळलं, घशाला कळलं, कानाला कळलं नाही.

दिनेशने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी माझ्या कानाशी टाळ्या वाजवल्या, चिमट्यासारखं दिसणारं धातूचं उपकरण कपाळाला लावलं. मग मोबाइलवर टाइप करून माझ्यासमोर धरलं. त्यात लिहिलं होतं की तुम्ही वाचलात ही मोठी गोष्ट आहे, पण या आजाराने दोन्ही कानांच्या आतल्या भागाला इजा झाली आहे. मी ते वाचलं आणि त्यांना विचारलं, कधीपर्यंत येईल ऐकू? त्यांनी टाइप केलं नाही, नुसती मान हलवली.

माझ्यावर काय आलं आहे हे मला त्या मानेवरून कळलं. दिनेश खिडकीकडे तोंड करून उभा होता.

आवाज नसलेला वॉर्ड

हॉस्पिटलचा दिनक्रम सगळीकडे सारखाच असतो. चहा, रक्त, पोळी-भाजी, राउंड, पुन्हा चहा. पण आवाज नसला की यातलं काहीही येताना कळत नाही. चहाची ट्रॉली एकदम अंगाशी उभी असते. हातात सुई घेतलेला माणूस एकदम उशाशी असतो. मी दिवसभर दचकायचे. कानात मात्र शांतता नव्हती. बॉयलर चालू असावा तशी घरघर सतत चालू होती, मोरिवलीच्या कारखान्यांच्या भिंतीला कान लावून बसल्यासारखी. शिवाय तोल गेला होता. उठून उभी राहिले की जमीन तिरकी व्हायची.

तिथे केरळची एक सिस्टर होती. तिने माझं दचकणं एकदाच पाहिलं. त्यानंतर ती माझ्याकडे येताना आधी पायाच्या अंगठ्याला हळूच बोट लावायची, मग उशाशी यायची. इतर सिस्टरनाही तिने तसंच करायला लावलं. कुणी तिला हे शिकवलं नसणार. तिचं नाव मला कळलं नाही. तिने सांगितलं असेलही, पण तेव्हा मला ओठ वाचता येत नव्हते.

"काही नाही"

घरी आले आणि खरा आजार सुरू झाला.

मयुरीने फोनमध्ये बोललेलं लिहून दाखवणारं ॲप टाकून दिलं. दिनेशचं आणि तिचं बोलणं त्यात बऱ्यापैकी उमटायचं. आई रोज सकाळी मोरिवलीहून रिक्षाने यायची, तिची आगरी बोली मात्र त्या फोनला झेपेना. पहिल्याच दिवशी ती दारातून काहीतरी बोलत आत आली आणि फोनवर उमटलं, "जावई आला, भाकरी टाकतो." आमच्या घरात अजून जावई नाही. मी घाईने पदर सारखा केला. मग तिच्या पिशवीतला सुका जवळा दिसला तेव्हा उलगडा झाला, ती "जवला आनला" म्हणत होती. आजारपणानंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा. आईला हसण्याचं कारण सांगितलं तर तिने त्या फोनकडे असं पाहिलं की मी पुन्हा हसले.

पण असे दिवस थोडे. एरवी जेवायला बसलो की दिनेश आणि मयुरी बोलायचे, मयुरी खदखदून हसायची. मी विचारायचे, काय झालं? ती हात हलवायची आणि तिचे ओठ मला पाठ झाले होते: काही नाही, नंतर सांगते. नंतर कधी यायचंच नाही. तिचा दोष नव्हता. छोटासा विनोद टाइप करेपर्यंत त्यातली गंमत निघून जाते. तरी त्या "काही नाही"ने मला मेंदूज्वरापेक्षा जास्त रडवलं. आपल्याच ताटाशी आपण पाहुणे झालो असं वाटायचं. मी चिडायला लागले. दिनेशवर ओरडायचे, आणि किती मोठ्याने ओरडतेय हे मला कळायचं नाही. तो ऐकून घ्यायचा. मग तो ओव्हरटाइम जास्त करायला लागला. दोघांनाही काय चाललंय ते कळत होतं.

आईने मला एकदाही "काही नाही" म्हटलं नाही. हे मला आजही नवल वाटतं. मी विचारलं की ती हातातलं काम ठेवायची, समोर येऊन बसायची आणि पुन्हा सांगायची. कळलं नाही तर तिसऱ्यांदा. हाताने दाखवून, तोंड वेडंवाकडं करून, गरज पडली तर उठून नक्कल करून. गोष्ट कितीही क्षुल्लक असो. शेजारच्या बाईची मांजर दुधात पडली, तर ते मला मांजरीसकट कळलंच पाहिजे असा तिचा हट्ट. लिहिता येत नसल्यामुळे तिला टाइप करण्याची पळवाटच नव्हती. एकदा तिने मयुरीला "काही नाही" म्हणताना पकडलं. काय बोलली ते मला कळलं नाही, पण मयुरीचे डोळे भरलेले दिसले. त्या दिवसापासून मयुरी आधी मला सांगायची, मग स्वतः हसायची.

डोकं कुणाचं

मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलमधल्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन करता येईल. कानामागे, कवटीत एक यंत्र बसवतात, त्याची बारीक तार कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात घालतात आणि बाहेर कानावर दुसरं यंत्र लावतात. पण मेंदूज्वरानंतर त्या शंखात हळूहळू हाड भरायला लागतं. ते पूर्ण भरलं तर तार आत जाणार नाही. म्हणून करायचं तर लवकर. आणि करूनही किती ऐकू येईल याची खात्री नाही, हेही त्यांनी तितकंच स्पष्ट लिहून दिलं.

त्या रविवारी सासरची मंडळी घरी जमली. नणंद, दीर, दिनेशचे काका. मी मध्ये बसले होते. ॲप चालू होतं, पण पाच माणसं एकदम बोलली की त्यावर नुसती भेळ उमटते. मी तोंडं पाहत होते. एकाचं झालं की दुसऱ्याचं. कुणीच माझ्याकडे पाहत नव्हतं. मधूनच अर्धं वाक्य उमटायचं: थोडे महिने थांबू. डोक्याचं ऑपरेशन आहे. बदलापूरला एक जण औषध देतो असं ऐकलंय.

आयुष्यभर मी ऐकणारी सून होते. त्याचं मला वाईट वाटत नाही, माझ्या सासूबाई चांगल्या होत्या, त्यांचं ऐकण्यात माझं नुकसान झालं नाही. पण त्या दिवशी मी स्टीलचा ग्लास फरशीवर आपटला. सगळी तोंडं बंद झाली आणि माझ्याकडे वळली.

मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही. पण डोकं माझं फोडणार आहेत, तर आता माझं तुम्ही ऐका. मला ऑपरेशन करायचं आहे आणि लवकर करायचं आहे."

फार मोठ्याने बोलले असणार, कारण समोरच्या खिडकीत दोन डोकी आली. नणंदबाई उठून आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या, आणि त्या दुपारी पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून बोललं. त्या म्हणाल्या, "हॉस्पिटलात तुझ्याजवळ मी राहीन." आणि राहिल्याही. दिनेशने फोनवर टाइप केलं, "तू म्हणशील तसं." मग ते खोडलं आणि लिहिलं, "मला भीती वाटते. पण तू म्हणशील तसं." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, भीती वाटते असं त्याने मला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

खर्चाचं कसं झालं याचा पाढा इथे वाचत नाही. दोन्हीकडची माणसं उभी राहिली, शेठ उभे राहिले. तुमच्यावर वेळ आली तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात आधी जा, तिथली माणसं मार्ग सांगतात.

यंत्र चालू झालं

ऑपरेशन नीट पार पडलं. हाड भरायला सुरुवात झाली होती, पण तार आत गेली. जखम भरेपर्यंत थांबायचं आणि मग बाहेरचं यंत्र लावून चालू करायचं. त्या दिवसाची मी इतकी स्वप्नं पाहिली होती. यंत्र लागेल, मयुरी "आई" म्हणेल, आणि मी रडेन.

रडले, पण वेगळ्याच कारणाने. यंत्र चालू केलं आणि पत्र्याच्या डब्यात कुणीतरी खडे हलवावेत तसे आवाज डोक्यात सुरू झाले. मयुरी काहीतरी बोलली. कुणी शिट्टी फुंकली की माणूस बोललं, मला सांगता येईना. दिनेशचा आवाज तसाच. माझा स्वतःचाही तसाच. यासाठी मी डोकं फोडून घेतलं?

हर्षा मॅडमची आणि माझी गाठ त्यानंतरची. उल्हासनगरला, फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं क्लिनिक आहे. त्या सिंधी, वयाने माझ्याहून लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं की त्यांचं मराठी कच्चं आहे, सांभाळून घ्या. मी त्यांना सरळ म्हटलं की हे यंत्र बिघडलेलं आहे. त्यांनी तपासलं. यंत्र ठीक होतं. मग त्यांनी फोनवर टाइप करून ठेवलं आणि तेच तोंडानेही हळू म्हटलं:

"ताई, हिंदीत सुनाई देना वेगळं आणि सुनना वेगळं. तुमच्यातही ऐकू येणं वेगळं, ऐकणं वेगळं. पहिलं काम मशीन करतं. ते आजपासून सुरू झालं. दुसरं तुम्हाला करायचं आहे, आणि मी करवून घेणार आहे."

आणि खरोखर करवून घेतलं. त्यांच्यासारखी चिकाटीची बाई मी पाहिली नाही. भरतकामाच्या रिंगला काळं कापड लावून त्या ते तोंडासमोर धरायच्या, म्हणजे मी ओठ वाचून चोरी करायला नको. मग आ, ऊ, ई, म, स, श. नुसते आवाज. आला तर हात वर करायचा. मग कोणता आला ते सांगायचं. स आणि श मला कित्येक आठवडे सारखेच लागत. मी कंटाळून यंत्र काढून टेबलावर ठेवलं तर त्या रागावत नसत, स्वतः पाणी पीत, मला पाजत आणि यंत्र पुन्हा माझ्या हातात देत. माझ्या आधी येणारं एक लहान मूल असायचं, माझ्यानंतर एक आजोबा. प्रत्येकाशी तोच उत्साह. दिवसातून किती वेळा ही बाई "श" म्हणत असेल!

घरचा अभ्यास आईने घेतला. मॅडमनी तिला समोर बसवून सगळं समजावलं, मोडकं मराठी आणि आगरी यांचं कसं जमलं कोण जाणे. रिंगच्या जागी आईने तोंडावर पदर धरला. मॅडमनी सांगितलं होतं, ठरावीक चार-पाच शब्दांतून एक ओळखू द्यायचा. आईने मासळी निवडली. बोंबील, मांदेली, कोलंबी, निवटी, जवळा. समोर मासे नाहीत, नुसतं नाव यायचं आणि मी ओळखायचं. बरोबर आलं की त्या दिवशी तीच मासळी. मी पहिल्यांदा नीट ओळखलेला शब्द बोंबील आहे. सलग तीन दिवस बोंबीलच खाल्ले, कारण दुसरं काही ओळखताच येईना.

पुढे मॅडमनी सांगितलं, आता वाक्यं घ्या, प्रत्येक वाक्यात एक शब्द तोच ठेवा, म्हणजे त्याला धरून बाकीचं पकडता येईल. शब्द आईने निवडायचा. तिने फार विचार केला नाही. "आयक" घेतला, आमच्याकडचा "ऐक". पदराआडून वाक्यं येऊ लागली. माझं आयक. तुझी पोरगी कुनाचं आयकत नाय. म्हातारपनी गुडघा आयकत नाय. सासूचं आयकून घे. त्या शेजारनीला मी बरोबर आयकवलं. असं कदी आयकिवात नाय.

त्या सकाळी मला काहीतरी लख्ख दिसलं. यातल्या कितीतरी वाक्यांत कानाचा संबंधच नव्हता. गुडघ्याला कुठे कान असतो? पोरगी ऐकत नाही म्हणजे तिला ऐकू येत नाही असं नाही. ऐकून घेणं हे तर पोटाचं काम आहे, कानाचं नव्हे. कान गेल्यावर मला वाटलं होतं की माझ्याकडून हे क्रियापद काढून घेतलं. पण दिनेशने माझं ओरडणं ऐकून घेतलं, घरच्यांनी माझं ऐकलं, ते मी ठार बहिरी असतानाच. आणि मला सगळ्यात आधी पकडता आलेलं वाक्य होतं, "माझं आयक." मी पदराआडच्या आईला म्हटलं, ऐकते. तिने पदर खाली केला.

पुढे मी दुकानात परत जायला लागले, तिथेही माझं ऐकणारी माणसं निघाली. माझ्या काउंटरवरचा पंखा शेठनी बंद करून टाकला, कारण त्याची घरघर यंत्रात फार येते. उन्हाळ्यात ते स्वतः घामाघूम बसायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "मॅडम को सामने देख के बोलो." शेठाणी त्यांना दिवसभर "बुधो, बुधो" म्हणून हाका मारतात. सिंधीत बुधो म्हणजे ऐका. हर्षा मॅडमना मी विचारलं, ऐकू येणं आणि ऐकणं, या दोन गोष्टींना तुमच्यात दोन शब्द आहेत का? त्या हसून म्हणाल्या, आमच्याकडे बायकांना दोन्हीसाठी "बुधो" हा एकच शब्द पुरतो.

चाल

एक गोष्ट लपवायची नाही. गाणं परत आलं नाही.

यंत्राने बोलणं कळतं. शांत खोलीत, समोरासमोर, मला आता जवळजवळ सगळं कळतं. चाल कळत नाही. वर गेलेला सूर आणि खाली आलेला सूर यंत्रातून सारखेच लोळत येतात. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, काहींना सरावाने थोडं येतं, काहींना येत नाही. आशा मात्र होतीच.

बोलणं बऱ्यापैकी यायला लागल्यावर एका सकाळी आईने भाकऱ्या झाल्यावर हात धुतले, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि धवला म्हटला. माझ्या हळदीला म्हटलेला. मी डोळे मिटले. डबा आणि खडे, तेवढंच. मी डोळे उघडले तेव्हा ती गात होती, मान किंचित कलती, हात मांडीवर ताल धरून. आईचं तोंड गाताना कसं दिसतं हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. तेच तोंड, आणि कानात मात्र हे खडे.

मी तिला खरं सांगितलं. आई, चाल कळत नाही.

ती थांबली. तिच्यासाठी हे काय असेल ते मी सांगू शकत नाही. जे तिचं सगळ्यात मोठं, ते तिच्या मुलीपर्यंत पोचत नाही. तिने उठून तवा खाली उतरवला आणि परत समोर येऊन बसली. मग म्हणाली, "चाल नाय तं नाय. शब्द घे, बाय. ते पन माझंच हान."

आणि तिने धवला बोलून दाखवला. धवलारीण कधी धवला बोलत नाही. चाल सोडली की पुढची ओळ तिची तिलाच आठवेना, ती मनात गायची आणि मग ओळ तोंडाने सरळ बोलायची, गोष्ट सांगावी तशी. एक ओळ, थांबणं, दुसरी ओळ. मला प्रत्येक शब्द कळला. इतकी वर्षं मी चालीच्या नादात ते शब्द नीट ऐकलेच नव्हते. नवरीला काय काय सांगितलंय त्यात! कोणत्या वाटेने जा, कोणाच्या पाया पड, पाण्याला जाताना कुणाची सोबत घे. माझ्या हळदीला ते मला सांगितलं होतं, आणि मी लाजण्यात दंग होते.

आता हा आमचा शिरस्ता झाला आहे. आई धवले बोलते, मी ऐकते, मयुरी फोनवर तिचं गाणं रेकॉर्ड करून ठेवते. मयुरीला चालही येते आहे.

समोरची बाई

मध्यंतरी हर्षा मॅडमचा निरोप आला, जरा येऊन बसता का. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरची तरुण बाई त्यांच्याकडे आली होती. तोच ताप, तसेच कान गेलेले. मांडीवर वर्षाच्या आतलं बाळ. बरोबर नवरा होता, भातशेती आणि मजुरी करणारा, तो बिचारा सगळ्यांना तेच ते सांगत होता की हिला समजवा, ही ऑपरेशनला नाही म्हणते, ही खात नाही. बाई भिंतीकडे पाहत बसली होती. तिला वाचता फारसं येत नव्हतं, म्हणून फोनवर टाइप करूनही उपयोग नव्हता.

मी तिच्यासमोर स्टुलावर बसले. केस बाजूला करून कानामागचा व्रण दाखवला. तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मी बोलले, हळू, तोंड मोठं करून. तिला वाटलं असणार, हिला येतं ऐकू, हिचं काय जातंय. मलाही तसंच वाटलं असतं.

नवऱ्याने मला सांगितलं की तिचा धसका एकच आहे. बाळ रडलं तर कळणार कसं? ती झोपतच नाही, बाळाच्या छातीवर हात ठेवून बसून असते.

मग मी कानावरचं यंत्र काढलं. डोक्याला चिकटणारी गोल चकतीही काढली, आणि दोन्ही तिच्या ओंजळीत ठेवली. माझ्या कानाकडे बोट दाखवलं आणि हात हलवून सांगितलं, आता मलाही नाही. हर्षा मॅडमनी माझ्या पाठीमागे जाऊन टाळ्या वाजवल्या असाव्यात, कारण ती बाई माझ्या खांद्यावरून मागे बघत होती आणि मग माझ्या चेहऱ्याकडे, आणि मी दचकले नव्हते.

पहिल्यांदा ती माझ्याकडे नीट वळली. तिने यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं, चकती माझ्या व्रणाशी धरून पाहिली. काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं, हातांनी. दुखतं का? मी हातानेच सांगितलं, आधी दुखलं, आता नाही. तिने नवऱ्याकडे बोट केलं आणि तोंडाची चोच सतत उघडून-मिटून दाखवली, हा सारखा बोलतो. आम्ही दोघी हसलो. आपलं हसणं आम्हा दोघींपैकी कुणालाच ऐकू आलं नाही.

बाळाला तिने मघाशी सतरंजीवर ठेवलं होतं. बोलता बोलता माझी नजर तिकडे गेली, आणि त्याच क्षणी तिचीही गेली. बाळाचं तोंड उघडं होतं, गाल लाल झाले होते, मुठी वळल्या होत्या. नवरा आणि मॅडम हलायच्या आत आम्ही दोघी उठलो होतो.